फळबागांचें रक्षण व पाण्याची काटकसर
(दुष्काळ निवारण मंडळाच्या सभेंत झालेलें भाषण)



अन्न व चारा यांसाठीं आपण मंडळास जो उदार आश्रय दिला, त्याबद्दल आभार मानून आज आम्ही फळबागांविषयीं चार शब्द बोलणार आहों. ज्वारी बुडाली तर पुढल्या पावसांत पुन्हां पेरतां येते. मोसंबीचें झाड वाळलें म्हणजे नवें झाड फळास येण्यास चारपांच वर्षें लोटतात. १९९० पासून रोजगार हमीशीं जोडलेल्या फळबाग योजनेमुळें कोरडवाहू मुलुखांतही बागा उभ्या राहिल्या. २०१२-१३ च्या अवर्षणांत जालना जिल्ह्यांत मोसंबीच्या बागा उभ्या वाळल्या व शेतकऱ्यांस त्या स्वहस्तें तोडाव्या लागल्या.

टँकर घातला कीं बाग वांचली, असें पुष्कळांस वाटतें. हिशेब पाहावा. वीस फूट अंतरानें एकरीं सुमारें १०८ झाडें बसतात. प्रत्येकास रोज ३० लिटर पाणी दिलें, तर दहा हजार लिटरांचा टँकर तीनच दिवस पुरतो. उघड्या आळ्यांत ओतल्यास त्यांतलेंही बरेंच उन्हानें उडून जातें. तेंच पाणी ठिबकाच्या नळीनें दिलें व वर पाचटाचें किंवा गवताचें आच्छादन केलें, तर ओल पुष्कळ टिकते. पाणी बुंध्याशीं न सोडतां झाडाच्या घेराखालीं सोडावें. तें शोषणाऱ्या बारीक मुळ्या तेथें असतात, आणि बुंधा सतत ओला राहिल्यास डिंक्या रोग लागतो.

काटकसरीनें फळ बिघडतें, ही भीति व्यर्थ आहे. आपले बागाईतदार पूर्वापार पाणी तोडून झाडास ताण देतात व मग आंबे बहार धरतात. फळ पोसत असतांना मात्र पाण्यांत खंड पडूं नये. कोरडीनंतर एकदम भरपूर पाणी मिळालें म्हणजे डाळिंब तडकतें. मोसंबी पक्व होतांना पाणी बेतानें दिल्यास रसास गोडी येते. तिचें मोल व्यापारी मंडळींस सांगावयास नको. अति टंचाईंत मात्र फळें उतरवून, हलकी छाटणी करून, झाड जगविणें हेंच शहाणपण.

टँकरास दिलेला रुपया त्याच उन्हाळ्यांत संपतो. नळीस दिलेला पुढील हंगामांतही उपयोगीं पडतो. म्हणून धनिकांनीं नळ्यांसाठीं द्रव्य द्यावें, ज्यांच्या विहिरींस पाणी आहे अशा जमीनदारांनीं शेजारच्या बागेस एक पाळी द्यावी, व ज्यांस कांहींच शक्य नसेल त्यांनीं पाचटाची एक गाडी पाठवावी, अशी आमची नम्र विनंति आहे. थेंबें थेंबें तळें सांचे, ही म्हण झाडास व फंडास सारखीच लागू आहे.