गाडी कोणाची, परीक्षा कोणाची?

(वऱ्हाडातील कार्यकर्त्यांच्या शिबिरात केलेल्या भाषणाचा मजकूर)



कालपासून आपण मारहाण, पोटगी, रेशनकार्ड यांवर बोलतो आहोत. त्यात मी ड्रायव्हिंग लायसन्सच्या परीक्षेचा विषय घेणार म्हटल्यावर काहीजणी हसल्या. हा शहरातल्या सुखवस्तू बायांचा प्रश्न आहे, आपल्या वस्त्यांतला नाही, असं त्यांचं म्हणणं. मला ते पटत नाही. अमरावतीला राजकमल चौकात दहा मिनिटं उभ्या राहा. स्कुटीवर अंगणवाडी सेविका दिसतील, नर्सबाई दिसतील, मागे भाजीची पोती बांधलेल्या बायाही दिसतील. अकोल्यात टॉवर चौकातही तेच चित्र. यांतल्या कित्येकींकडे लायसन्स नाही. त्यांना गाडी चालवता येत नाही म्हणून ते नाही, असं मात्र समजू नका.

एका सेविकेला मी विचारलं, बाई, पाच वर्षं गाडी चालवता, परीक्षा का देत नाही? ती म्हणाली, "ताई, गाडी मले चालवता येते, पण परीक्षेच्या दिवशी गाडी मले भेटत नाही. आर.टी.ओ.चं काम सोमवारी दुपारी, अन् गाडी तवा त्यायच्याजवळ."

हे वाक्य माझ्या डोक्यातून जात नाही, कारण कायद्याची नेमकी गाठ तिथेच आहे. मोटार वाहन कायदा 1988 चा, तो 1 जुलै 1989 पासून लागू झाला. त्यातलं नववं कलम सांगतं की, ज्या प्रकारच्या वाहनासाठी लायसन्स हवं, त्याच प्रकारच्या वाहनावर परीक्षा द्यायची. हे वाहन सरकार पुरवत नाही, ते उमेदवाराने आणायचं. शाळेच्या परीक्षेला पेन आपण नेतो, तसंच हे. पण पेन पाच-दहा रुपयांत येतं, गाडी लाखात येते, आणि घरातल्या लाखाच्या वस्तूवर कोणाचा हक्क असतो ते तुम्हाला मी सांगायला नको. गाडी तुमच्या मालकीचीच हवी, असं कायदा म्हणत नाही. भावाची चालते, मैत्रिणीची चालते. मात्र आर.सी., विमा, पी.यू.सी. सगळं चालू हवं, म्हणजे ही कागदंही त्या दिवशी तुमच्या हातात पाहिजेत. ती सहसा घरधन्याच्या कपाटात असतात.

मग बाया काय करतात? ज्यांना परवडतं त्या ड्रायव्हिंग स्कूलची मोटार घेतात. शिकायला मी नाही म्हणत नाही. पण नियमाप्रमाणे या स्कूलच्या मोटारीत शिकवणाऱ्याच्या पायाशीही ब्रेक असतो. बाईचा हात स्टेअरिंगवर, आणि गाडी बहुतेक वेळ त्याच्या पायावर. सीट त्याच्या मापाने मागे सरकवलेली. तिने उशी घेतली की तो हसतो. महिनाभराने ती पास होते आणि घरी येऊन आपल्या दारातल्या मोटारीत बसते, तेव्हा कळतं की हा क्लच वेगळ्या जागी उचलतो आणि आता शेजारी ब्रेक मारणारं कुणी नाही. घरचे म्हणतात, लायसन्स काढून दिलं तरी हिला येत नाही. तिथून तिचं लायसन्स पाकिटात जातं आणि ओळखपत्र म्हणूनच बाहेर निघतं. (तसाही उपयोग आहे म्हणा. स्वतःच्या फोटोचं, स्वतःच्या नावाचं सरकारी कार्ड काही बायांना आयुष्यात पहिल्यांदा असंच मिळतं.)

म्हणून माझा आग्रह आहे, शिका कुठेही, पण परीक्षा घरच्या गाडीवर द्या. शिकाऊ लायसन्स सहा महिने चालतं आणि ते मिळाल्यावर तीस दिवसांनी परीक्षा देता येते. तेवढ्या दिवसांत तीच गाडी पांढऱ्या पाटीवर लाल ‘एल’ लावून हाताखाली घ्यायची. मोटार असेल तर शेजारी लायसन्स असलेलं माणूस हवं. इथे पुन्हा अडतं, कारण तो बहुधा नवराच असतो आणि शिकवताना त्याचा आवाज चढतो. आमच्या गटातल्या दोघींनी यावर उपाय काढला. एकीला आधीच लायसन्स होतं, ती दुसरीच्या शेजारी बसू लागली. सकाळी सहा वाजता बडनेरा रोडला दोघी निघायच्या. मागे घेणं, चढावर थांबून पुन्हा सुटणं, आरशात बघणं, परीक्षेत हेच पाहतात. पास होणं काही अवघड नाही. नापास झालात तर सात दिवसांनी पुन्हा देता येतं, तीनदा झालात तर मात्र साठ दिवस थांबावं लागतं. एवढी साधी माहितीही बाहेर उभे असलेले एजंट बायांना देत नाहीत. 2021 पासून शिकाऊ लायसन्सची परीक्षा घरबसल्या संगणकावर देता येते. सोय चांगली, पण काही घरांत ती परीक्षा बाईच्या नावाने दीर देऊन मोकळा होतो. मग खुणांचा अर्थ तिला रस्त्यावर शिकावा लागतो.

आता मालकीबद्दल बोलू. आपल्याकडे लग्नात गाडी देतात. हुंडा देणं-घेणं हा 1961 च्या कायद्याने गुन्हा आहे, हे आधी स्पष्ट सांगते. पण त्याच कायद्याचं सहावं कलम कोणी वाचत नाही. लग्नात दिलेली अशी वस्तू दुसऱ्या कोणी घेतली असेल, तर ती तीन महिन्यांच्या आत त्या बाईला द्यावी लागते. आता सांगा, बापाने कापूस विकून दिलेल्या मोटारसायकलच्या आर.सी.वर मुलीचं नाव तुमच्यापैकी किती जणींनी पाहिलं?

हा प्रश्न वऱ्हाडाला नवा नाही. शेतकरी संघटनेने लक्ष्मीमुक्तीची मोहीम काढली, तेव्हा शेताचा तुकडा बायकोच्या नावाने करा, असं पुरुषांनाच सांगितलं होतं. सातबाऱ्याबद्दल आपण इतकं बोललो. आर.सी. हाही एक छोटा सातबाराच आहे. नाव बदलायला फॉर्म 29 आणि 30 लागतात, कर्ज असेल तर बँकेचं पत्र. बस.

आणि ज्यांचे नवरे गेले त्यांचं काय? आपल्या भागात अशा घरांची कमी नाही. एका घरी तेरवीनंतर दुसऱ्याच दिवशी दिराने मोटारसायकल नेली. "तुले काय कामाची?" म्हणाला. ती बाई त्यानंतर दोन किलोमीटर चालत शेतात जायची. नियम असा आहे की, मालक वारल्याचं तीस दिवसांत आर.टी.ओ.ला कळवायचं. तसं कळवलं की वारसाला तीन महिने गाडी वापरता येते आणि तेवढ्यात फॉर्म 31 भरून ती नावावर करून घ्यायची. 2021 पासून तर मालकाला जिवंतपणीच आर.सी.वर नॉमिनीचं नाव घालता येतं. पंचनाम्याच्या, मदतीच्या कागदांत आपण हे विसरतो. तीस दिवस फार लवकर जातात.

रोजीचाही प्रश्न आहे. परभणीच्या शीला डावरे यांनी 1988 साली पुण्यात रिक्षा चालवायला घेतली, तेव्हा बाईला रिक्षा भाड्याने द्यायला कुणी तयार नव्हतं. पुढे त्यांनी स्वतःची रिक्षा घेतली. प्रवासी वाहनासाठी आठवी पासची अट होती, ती 2019 मध्ये गेली. शाळा सुटलेल्या आपल्या मुलींना हे सांगा. 2023 मध्ये अर्चना अत्राम यांनी एस.टी. चालवली, तिकडे सासवडला. अमरावती-अकोला महामार्गावर जून 2022 मध्ये 75 किलोमीटरचा डांबरी थर 105 तास 33 मिनिटांत टाकला आणि गिनीज बुकात नोंद झाली. त्या रस्त्याने मी नेहमी येते-जाते. मूर्तिजापूरला चहाला थांबलं की गाड्यांकडे बघते. स्टेअरिंगवरून उतरणारी बाई क्वचित दिसते.

पुढच्या महिन्याच्या बैठकीला येताना प्रत्येकीने घरच्या गाडीचं आर.सी. उघडून बघून या. नाव कोणाचं आहे, नॉमिनी कोण आहे, कर्जाचे हप्ते कोणाच्या बचत गटातून गेले. ज्यांच्याकडे लायसन्स आहे त्यांनी नावं माझ्याकडे द्या. शेजारी बसायला माणूस नाही म्हणून अडलेल्या सात जणी सध्या माझ्या वहीत आहेत, चार अमरावतीच्या, तीन अकोल्याच्या.