मूल का आले नाही?



हजेरीपटावर एखाद्या नावापुढे 'गै' लिहायला कितीसा वेळ लागतो? तुमच्यांतील शिक्षकमंडळींना हे मी सांगायला नको. नाव पुकारायचे, 'हजर' असे उत्तर आले नाही की चौकटीत 'गै' भरायचे आणि पुढच्या नावाकडे वळायचे. मूल का आले नाही, हे लिहायला त्या चौकटीत जागाच नसते. आज मी ज्या बाईंविषयी बोलणार आहे, त्या मात्र त्या चौकटीपाशी थांबल्या आणि मुलाच्या घरापर्यंत चालत गेल्या. त्यांचे नाव ताराबाई मोडक.

ताराबाईंचा जन्म १८९२ सालचा, मुंबईचा. १९१४ साली त्या बी.ए. झाल्या. त्या काळी पदवीधर स्त्रिया किती होत्या ते आठवा, म्हणजे या गोष्टीचे मोल कळेल. पुढे राजकोटला शिक्षिका तयार करणाऱ्या विद्यालयाच्या त्या प्राचार्या झाल्या. प्रतिष्ठेची जागा होती ती. तिथेच निवृत्त झाल्या असत्या तर कोणी नाव ठेवले नसते. पण भावनगरला गिजुभाई बधेका नावाचा एक वकील वकिली सोडून अडीच-तीन वर्षांच्या मुलांत रमला आहे, दक्षिणामूर्ती संस्थेत त्याने १९२० साली बालमंदिर उघडले आहे, हे त्यांना कळले. एवढी लहान मुले काय शिकतात, कशी शिकतात? ते पाहावे असे बाईंच्या मनाने घेतले, आणि १९२३ च्या सुमारास प्राचार्यपद सोडून त्या भावनगरला दाखल झाल्या. प्राचार्या होत्या, त्या पुन्हा विद्यार्थिनी झाल्या म्हणा ना!

भावनगरच्या वर्षांत त्यांनी पुष्कळ लिहिले, मासिकाचे संपादन केले, शिक्षक तयार केले. १९३६ साली दादरला शिशुविहार काढला. तोही उत्तम चालला. पण तिथे येणारी मुले शहरी, बहुतेक मध्यमवर्गीय घरांतली. खेड्यातल्या मुलाचे काय? हा प्रश्न घेऊन १९४५ साली, वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी, त्या डहाणूजवळ समुद्रकाठच्या बोर्डी गावी गेल्या.

इथे मला थोडे सावकाश बोलायचे आहे. बोर्डीला बालवाडी सुरू झाली खरी, पण ज्यांच्यासाठी ती काढली त्या वस्तीतली मुले काही येईनात. आता तुम्ही-आम्ही काय म्हणालो असतो? 'या लोकांना शिक्षणाची आस्थाच नाही.' असे म्हटले की आपण मोकळे! ताराबाई वस्तीत गेल्या. पाहतात तो आईबाप कामाला गेलेले, आणि मुले अंगणातच खेळत असलेली. मग मूल बालवाडीत येत नाही तर बालवाडीनेच मुलाच्या अंगणात जावे! अशी अंगणवाडी निघाली. शहरातले मॉंटेसरी साहित्य महाग. त्याच्या जागी शंखशिंपले, बिया, खडे, पाने आली. लहान-मोठे ओळखायला लाकडी ठोकळाच कशाला हवा? समुद्रकाठी शिंपल्यांना तोटा आहे थोडाच?

१९५६-५७ मध्ये हे काम तिथून जवळच कोसबाडच्या टेकडीवर, वारली पाड्यांत गेले. तिथे पुन्हा तोच अनुभव. मुलगी शाळेत येत नाही, कारण तिच्या कडेवर धाकटा भाऊ आहे. बरे, त्यालाही घेऊन ये, त्याच्यासाठी पाळणाघर. त्याहून जरा मोठ्यासाठी बालवाडी, आणि ताईसाठी शेजारीच प्राथमिक शाळा. पाळणाघर, बालवाडी, शाळा अशी एकत्र गुंफलेली ती विकासवाडी. मुलगे येत नाहीत, कारण ते गुरे घेऊन रानात जातात. मग शाळाही गुरांमागे कुरणात! तिला कुरणशाळा म्हणत. लक्षात घ्या, यांतले काहीही आधी कागदावर आखलेले नव्हते. बाई विचारीत गेल्या, आणि उत्तर मिळेल तसे काम बदलत गेले.

ही जिज्ञासा लागट असते, बरं का! ताराबाईंच्या सहकारी अनुताई वाघ. तेराव्या वर्षी लग्न झाले आणि थोड्याच महिन्यांत वैधव्य आले. नोकरी करता करता त्या शिकत राहिल्या, आणि पदवीधर झाल्या त्या पन्नाशीच्या आसपास, कोसबाडचा सारा व्याप सांभाळून.

ताराबाईंना १९६२ साली पद्मभूषण मिळाले. १९७३ साली त्या गेल्या. दोनच वर्षांनी, १९७५ साली, सरकारची एकात्मिक बालविकास योजना निघाली आणि 'अंगणवाडी' हा शब्द देशभर गेला. आज तुमच्या गावातली अंगणवाडी बहुधा अंगणात नसते, एका खोलीत असते. तिथेही हजेरीपट असतो.

आता माझी एक गोष्ट. एम.ए. होऊन महाविद्यालयात येण्यापूर्वी मी दोन वर्षे एका डोंगराळ गावात प्राथमिक शिक्षक होतो. तिसरीतली एक मुलगी मधल्या सुट्टीत जी पसार होई, ती परत येत नसे. मी रागावलो, तिला उभे केले, दुपारच्या हजेरीला तिच्या नावापुढे रोज 'गै' लावत गेलो. एकदा आवणीच्या दिवसांत बाहेरगावी जाताना बांधावर ती दिसली. तान्ह्या भावाला पाजायला आईकडे शेतात घेऊन चालली होती. मला पाहताच पोरगी खाचराच्या पलीकडे पळाली, ते पोर कडेवर हिंदकळवीत. त्यानंतर ती शाळेत आली नाही. मी तिच्या घरी गेलो तो चौथ्या दिवशी. आई म्हणाली, "गुरुजी, आधी इचारलं असतंत तर बारक्याला शाळंतच धाडला असता तिच्यासंगं."