डोंगराचा निर्णय ग्रामसभा करील
(पाड्यावरच्या सभेतील भाषण)



तालुक्याच्या नगरपंचायतीची सभा आपण मागं बसून ऐकली. गटार झालं, नळपाणी झालं, मग विषय निघाला: हौशी लोकांच्या जीपगाड्या आपल्या डोंगरावर सोडायच्या. म्हणे, पर्यटन वाढेल, पोरांना काम मिळेल. काम आम्हालाही हवंय. पण गाड्या चढणार गुरांच्या वाटेनं. पावसात चाकोरीचा ओहोळ होतो आणि दगडमाती खालच्या वावरात येते. आम्ही मोळी आणली तर गुन्हा, त्यांनी जीप घातली तर पर्यटन!

डोंगर नगरपंचायतीच्या हद्दीत नाही. वनहक्क कायदा २००६, कलम ५ प्रमाणे जंगल राखण्याचा अधिकार हक्कधारकांना आणि ग्रामसभेला आहे. कलम ३(२) खाली शाळा, दवाखाना, रस्ता अशा सरकारी सोयींसाठी १ हेक्टरच्या आतली वनजमीन मिळते, तीही ग्रामसभेची शिफारस असेल तरच. हौसेच्या गाड्या त्या यादीत नाहीत.

म्हणून आपण ठराव करू. सभेला निम्मे सभासद लागतात, हजर असलेल्यांत एक तृतीयांश बाया. सह्या-अंगठे घ्या, ठराव द्या, पोच घेतल्याशिवाय परत येऊ नका.

जिंदाबाद!