टोपणनाव आणि माणसाचा मान
(जीर्णोद्धार सोहळ्यानिमित्त झालेल्या सभेतील भाषण)



मी काही वक्ता नव्हे. तालुका कचेरीत कागद हाताळणारा साधा कारकून. पण समितीने आज्ञा केली म्हणून चार शब्द बोलतो. विषय सर्वांच्या परिचयाचा आहे : टोपणनाव.

आपल्या उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर या भागातील खेड्यांत टोपणनाव नाही असे घर सापडणे कठीण. एकाच आडनावाची अनेक घरे, त्यात एकाच नावाचे चार-पाच जण. मग कोणी बारक्या होतो, कोणी मास्तर. ही ओळखीची सोय आहे. त्यात वावगे काही नाही.

देवांनाही आपण सोडलेले नाही. श्रीगणेशाला लंबोदर, एकदंत म्हणतो. रण सोडले म्हणून श्रीकृष्ण रणछोड झाला आणि त्याच नावाने डाकोरला पूजिला जातो. डेबूजी झिंगराजी जानोरकर (१८७६-१९५६) हातात मातीचे गाडगे घेऊन फिरत, म्हणून लोक त्यांना गाडगेबाबा म्हणू लागले. आज मूळ नाव किती जणांस ठाऊक आहे? पण सन २००० पासून गावोगावी झालेले ग्रामस्वच्छता अभियान त्याच गाडग्याच्या नावाने झाले.

आता दुसरी बाजू पाहू. १९४७ च्या फाळणीनंतर सिंधी बांधव कल्याणजवळच्या लष्करी छावणीत आले. ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल राजगोपालाचारी यांच्या हस्ते त्या वसाहतीस उल्हासनगर हे नाव मिळाले. तरी ‘कॅम्प’ हा शब्द आजही आपल्या तोंडून जात नाही. त्या माणसांना ‘निर्वासित’ म्हटलेले खुपत असे. आम्हाला पुरुषार्थी म्हणा, असे त्यांच्यातील कित्येक म्हणत. पुढे तिथल्या मालावरून ‘मेड इन यू. एस. ए. म्हणजे उल्हासनगर सिंधी असोसिएशन’ अशी थट्टा झाली. ती मात्र तिथले लोकच हसून सांगू लागले. म्हणजे कोणते नाव अंगाला लावून घ्यायचे, हे ज्याचे त्याने ठरविले.

कचेरीत एकदा एक वृद्ध बाई मुलासह वारस नोंदीसाठी आल्या. सात-बाऱ्यावर त्यांच्या यजमानांचे नाव ‘बहिऱ्या’ असे लागलेले, मृत्यूच्या दाखल्यावर खरे नाव. दोन्ही नावांचा इसम एकच, असे प्रतिज्ञापत्र करावे लागणार होते. मुलगा मजकूर सांगू लागला, तशी बाई हळूच म्हणाल्या, “घरात हे नाव आम्ही कधी घेतलं नाही, भाऊ. त्यांना ऐकू येत नव्हतं, पण लोक काय म्हणतात ते ओठांवरून कळायचं.” कचेरीत क्षणभर कोणी बोलले नाही. गावाने सहज मारलेली हाक त्या माणसाने जन्मभर सोसली, आणि मेल्यावर मुलाला ती स्टॅम्प पेपरवर लिहून द्यावी लागली.

म्हणून माझी दोन विनंत्या आहेत. पहिली, आपल्या सात-बाऱ्यावरची आणि दाखल्यांवरची नावे हयातीतच जुळवून पाहा. पुढच्या पिढीचे हेलपाटे वाचतील. दुसरी समितीस. देणगीदारांची नावे संगमरवरी फलकावर कोरण्यापूर्वी ज्याचे त्याला विचारावे. ज्याला टोपणनावाचा अभिमान आहे, त्याचे ‘ऊर्फ’ लावून जरूर कोरावे. ज्याला नको आहे, त्याचे आईबापांनी ठेवलेले नाव पूर्ण लिहावे, मग देणगी अकरा रुपये असो वा अकरा हजार. अंबरनाथच्या शिवमंदिरातील शके ९८२ चा लेख साडेनऊशे वर्षे टिकला. दगडावरचे अक्षर लवकर पुसत नाही.

देवाच्या दारी तरी प्रत्येकास आपल्या आवडीच्या नावाने हाक मिळो, एवढीच प्रार्थना करून माझे दोन शब्द संपवितो. जय हिंद, जय महाराष्ट्र!