शिकवणाऱ्या नर्स हव्या आहेत



अमेरिकेत नर्स कमी पडतात, हे आपण सतत ऐकतो. पण नर्स व्हायला निघालेल्यांची वाण नाही. 2023 साली पदवी आणि त्यापुढच्या नर्सिंग अभ्यासक्रमांनी पात्र ठरलेले 65,000 हून अधिक अर्ज परत पाठवले. प्रशिक्षणाच्या जागा कमी, आणि शिकवणारे त्याहून कमी.

कम्युनिटी कॉलेजात ही अडचण जास्तच जाणवते. नर्सिंग शिक्षणतज्ज्ञ मिल्ड्रेड माँटॅग यांच्या पुढाकाराने 1952 साली या कॉलेजांत दोन वर्षांच्या नर्सिंग अभ्यासक्रमाचा प्रयोग सुरू झाला. फी कमी, कॉलेज घराजवळ. मुलंबाळं आणि नोकरी सांभाळून कितीतरी जणी इथेच शिकून नर्स झाल्या. परवान्याची एनक्लेक्स परीक्षाही पदवीवाल्यांना असते तीच.

इथली शिक्षिका सकाळी सातच्या आत वॉर्डात हजर असते, मागे आठ-दहा विद्यार्थी. एकाने सिरिंजमध्ये इन्सुलिन भरलंय, त्यातले युनिट तिने स्वतः तपासायचे. दुसरी पहिल्यांदाच कॅथेटर घालतेय, तिच्या शेजारी उभं राहायचं. तेवढ्यात पलीकडच्या खोलीतल्या आजोबांचं बीपी उतरतं. चूक विद्यार्थ्याची झाली तरी भोगायची रुग्णाने, म्हणून एका शिक्षिकेच्या हाताखाली विद्यार्थी वाढवत नेता येत नाहीत.

आणि पगार? नर्सिंग कॉलेजांच्या राष्ट्रीय संघटनेचे 2022 चे आकडे सांगते. नर्स प्रॅक्टिशनरला वर्षाला सुमारे 1,20,000 डॉलर, मास्टर्स झालेल्या प्राध्यापिकेला सुमारे 87,000. एवढं नुकसान सोसून कोण येणार? यावर उपाय म्हणून मेरीलँड राज्याने रुग्णालयांच्या उत्पन्नातला 0.1 टक्का नर्सिंग शिक्षणाकडे वळवला, त्यातून नव्या शिक्षकांना फेलोशिपही मिळते. इतर राज्यांनी हे उचलायला हवं.

मात्र पैशाने माणूस येतं, टिकतंच असं नाही. अनेक वर्षं आयसीयू सांभाळलेल्या नर्सला पेपर काढणं, नापास होऊ घातलेल्या मुलीला समोर बसवून बोलणं कुणी शिकवलेलं नसतं. तिच्यावर पहिल्याच सत्रात पूर्ण तासिका लादल्या, की ती परत रुग्णालयाची वाट धरते. पहिलं वर्ष कामाचा भार कमी ठेवा, सोबत एक अनुभवी शिक्षिका द्या. माझ्या मते बोनसपेक्षा याचा उपयोग जास्त.

श्रोत्यांमध्ये मास्टर्स झालेल्या नर्स असतील, त्यांना माझी विनंती आहे. नोकरी सोडू नका, पण जवळच्या कम्युनिटी कॉलेजात आठवड्यातून एक दिवस शिकवता येईल का, एवढं विचारून पाहा.