पडद्यामागचा द्रव
(स्नेहमेळाव्यातील एका माजी विद्यार्थ्याचे भाषण)



मोबाइल-टीव्हीच्या पडद्यात जो द्रव असतो, त्यावर मी काम करतो असं सांगितलं की लोक विचारतात, "पडद्यात द्रव?" म्हणून ही पाच मिनिटं त्याच्यासाठी.

द्रव स्फटिक वाहतो द्रवासारखा, पण त्याचे लांबट रेणू प्रार्थनेच्या रांगेसारखे एका दिशेला राहतात. विजेचा दाब दिला की ते वळतात आणि प्रकाश अडतो किंवा सुटतो. १८८८ मध्ये प्रागमध्ये राइनिट्झर यांना हा प्रकार आढळला. पडदे मात्र १९६८ मध्ये, अमेरिकेतल्या आरसीए कंपनीने जगाला दाखवले. तेव्हाचे बरेच पदार्थ एक तर तापवावे लागत, नाहीतर ओलाव्याने बिघडत. दोन बेंझीन वलयांना जोडणारा कार्बन-नायट्रोजनचा दुवा पाण्याने तुटायचा.

इंग्लंडमधल्या हल विद्यापीठातले जॉर्ज ग्रे द्रव स्फटिकांचा अभ्यास कितीतरी वर्षं, फारसं कुणी विचारत नसताना करत होते. त्यांनी तो कच्चा दुवाच काढून टाकला आणि वलयं थेट जोडली. १९७३ मध्ये जाहीर झालेला हा पदार्थ टिकाऊ निघाला, पण साधारण २४ ते ३५ अंशांतच चालायचा. मग पीटर रेन्स यांनी असे चार पदार्थ मिसळले. मिठाने बर्फ शून्याखाली वितळतो, तसंच इथे झालं: मिश्रण उणे १० पासून सुमारे ६० अंशांपर्यंत चालू लागलं.

पुढचा प्रश्न वेगाचा. वीज काढल्यावर रेणू परतायला लागणारा वेळ द्रवाची विष्यंदिता आणि थराच्या जाडीचा वर्ग यांवर ठरतो. जाडी निम्मी केली, तर वेळ पाव होतो. म्हणून थर काही मायक्रॉनचाच ठेवतात. थंडीत द्रव घट्ट होतो आणि चित्र रेंगाळतं. पुढे टीव्हीच्या पडद्यांसाठी सायनो गटाऐवजी फ्लोरीन आला. सायनो गट आयनांची अशुद्धी धरून ठेवतो, त्यामुळे विद्युतभार गळतो. फ्लोरीनने ती गळती आणि विष्यंदिता दोन्ही कमी केल्या. मात्र त्याला विजेचा दाब जास्त लागतो. एक गुण वाढवला की दुसरा कुरकुरतो, आमचं रोजचं काम हेच.

गुरुजनहो, बंध का तुटतो हे तुम्ही फळ्यावर शिकवलंत. त्यावरच माझं घर चालतं. शाळेच्या प्रयोगशाळेसाठी आपण सारे निधी जमवतोय, त्यात सढळ हात लावा. उपयोग लगेच दिसला नाही, तरी एखादं मूल एका प्रश्नाला चिकटून राहील, एवढी जागा तिथे असू द्या.