डोस कोणाच्या मापाचा?



अध्यक्षाने भाषणात वर्षभरातल्या संशोधनाचा आढावा घ्यावा अशी आपल्याकडची रीत आहे. ती बाजूला ठेवून मी आज एकाच गोळीबद्दल बोलणार आहे. सिक्स-एमपी, म्हणजे मर्कॅप्टोप्युरीन.

न्यूयॉर्कजवळच्या टकाहो इथल्या प्रयोगशाळेत गर्ट्रूड एलियन आणि जॉर्ज हिचिंग्ज यांनी ती घडवली. १९५३ साली अमेरिकेत तिला मान्यता मिळाली. त्याआधी रक्ताचा कर्करोग झालेली बहुतेक मुलं काही महिन्यांत जात. या दोघांना १९८८ साली नोबेल मिळालं, आणि आजही ॲक्यूट लिम्फोब्लास्टिक ल्युकेमियाच्या मेंटेनन्समध्ये हीच गोळी आपण मुलांना रोज देतो, जोडीला आठवड्यातून एकदा मेथोट्रेक्सेट. ही गोळी पेशीत गेल्यावर तिचं रूप बदलतं, ते बदललेलं रूप डीएनएमध्ये शिरतं आणि पेशी मरते. कर्करोगाची मरते, तशी अस्थिमज्जेतली निरोगीही मरते. या मारक शक्तीला आवर घालणारी काही विकरं शरीरातच असतात. त्यातलं टीपीएमटी नावाचं विकर कुणात कमी, कुणात जास्त, हे आनुवंशिक असतं, असं रिचर्ड वाइन्शिलबॉम यांनी १९८० मध्ये दाखवलं. युरोपीय वंशाच्या लोकांत दहापैकी एकात ते मध्यम प्रमाणात असतं आणि तीनशेत एखाद्यात जवळजवळ नसतंच. औषध देण्याआधी जनुक बघावं, या विचाराचं हे सर्वांत गाजलेलं उदाहरण. आपणही पुस्तकात तेच वाचलं आणि परीक्षेत तेच लिहिलं.

वॉर्डात मात्र काही वेगळंच दिसत होतं. टीपीएमटी कमी करणारे जनुकीय बदल आपल्याकडे फार कमी आढळतात. तरीही पूर्ण डोस सुरू केला की काही मुलांचे काउंट दोन-तीन आठवड्यांत कोसळत. टीपीएमटीचा रिपोर्ट नॉर्मल, आणि मूल तापाने फणफणलेलं, पांढऱ्या पेशी जवळजवळ नाहीत. मग चौकशी सुरू व्हायची ती आईची. गोळ्या चुकून जास्त दिल्या का? अर्धी सांगितली होती, अख्खी दिली का? अशा प्रश्नांपुढे मान खाली घालून उभ्या राहिलेल्या आया इथल्या प्रत्येक ज्येष्ठ डॉक्टराने पाहिल्या असतील. त्यांनी सांगितल्याप्रमाणेच गोळी दिली होती.

उत्तर आलं ते दक्षिण कोरियातून, २०१४ मध्ये, आणि तेही आतड्याच्या आजारासाठी याच कुळातलं औषध घेणाऱ्या रुग्णांच्या अभ्यासातून. एनयूडीटी-१५ नावाच्या जनुकातल्या एका अक्षराच्या बदलाने त्यांच्या पांढऱ्या पेशी घटत होत्या. पुढच्याच वर्षी मेम्फिसच्या सेंट ज्यूड रुग्णालयातल्या जुन यांग यांच्या गटाने ल्युकेमियाच्या मुलांमध्ये तोच बदल दाखवला. ज्यांच्याकडे या जनुकाच्या दोन्ही प्रती बदललेल्या होत्या, त्या मुलांना ठरलेल्या डोसच्या सरासरी जेमतेम आठ टक्केच सोसत होते. आठ टक्के! म्हणजे आपण ज्याला नेहमीचा डोस म्हणतो तो या मुलांना बारा पटीने जास्त होता.

हा बदल पूर्व आशियात सर्वाधिक आढळतो. दक्षिण आशियात या जनुकाच्या शंभर प्रतींमागे साधारण सात बदललेल्या असतात. याचा हिशेब मांडला तर सात-आठ मुलांमागे एकाकडे निदान एक बदललेली प्रत निघते. युरोपात हे प्रमाण शंभर प्रतींमागे एकाहूनही कमी आहे. वाइन्शिलबॉम यांच्या शोधापासून कोरियाच्या शोधापर्यंत ३४ वर्षं गेली. या ३४ वर्षांत आपल्या मुलांच्या शरीरात हा बदल होताच. असे बदल शोधण्याचं काम ज्या लोकसमूहांत चाललं, तिथे तो सहज सापडण्यासारखा नव्हता, एवढंच. २०१६ साली जगभरच्या अशा जनुकीय अभ्यासांची मोजदाद झाली तेव्हा त्यातले ८१ टक्के लोक युरोपीय वंशाचे निघाले. या आकड्याचा अर्थ मी त्या आयांच्या चेहऱ्यांवर वाचतो.

हे दुखणं आपल्या एकट्याचं नाही. आफ्रिकी वंशाच्या अनेकांमध्ये डफी नावाचं प्रथिन तांबड्या पेशींवर नसतं. त्यामुळे व्हायव्हॅक्स मलेरियापासून त्यांचं रक्षण होतं आणि रक्तातल्या न्यूट्रोफिल्सचा आकडा जन्मभर थोडा खाली राहतो. तो माणूस ठणठणीत असतो. पण केमो थांबवण्याचा किंवा चाचणीत प्रवेश देण्याचा उंबरठा युरोपीय आकड्यांवरून ठरलेला असल्याने त्याचा डोस विनाकारण कापला जातो. इथे हानी होते ती कमी औषधाने. फाइव्ह-एफयू आणि कॅपेसिटाबिन या केमोच्या औषधांआधी डीपीडी विकराची कमतरता तपासावी, अशी शिफारस युरोपीय औषध संस्थेने २०२० मध्ये केली, हे फार चांगलं झालं. पण त्यासाठी डीपीवायडी जनुकात सहसा पाहिले जाणारे चार बदल युरोपीय रुग्णांत सापडलेले आहेत. आपल्या रुग्णाचा तो रिपोर्ट नॉर्मल आला म्हणून पहिल्या सायकलनंतरच्या जुलाबांकडे आणि तोंड येण्याकडे कुणी दुर्लक्ष करू नये.

आता एका धोक्याबद्दल स्पष्ट बोलतो. ‘आशियाई रुग्ण आहे, डोस कमीच ठेवा’ असं मी अलीकडे वारंवार ऐकतो. हे मला मान्य नाही. आपल्याकडे सातातल्या सहा मुलांत एनयूडीटी-१५चा बदल नसतो, आणि त्यांना भीतीपोटी कमी औषध देणं म्हणजे आजार परत येण्याचा धोका वाढवणं. शिवाय ‘भारतीय’ हा कुठला एक गट? शतकानुशतकं रोटी-बेटी व्यवहार जातीपातीच्या आतच राहिलेल्या या देशात शेजारशेजारच्या दोन गावांतही जनुकांचे प्रवाह वेगळे असू शकतात. याचा अर्थ केसपेपरवर जात विचारून डोस ठरवावा, असा कुणी काढू नये. माणसाचा समाज फार तर संशयाची दिशा दाखवतो. पारशी समाजात जी-सिक्स-पीडी विकराची कमतरता जास्त आढळते, हे मुंबईच्या डॉक्टरांनी १९६०च्या दशकातच नोंदवलं होतं. ही कमतरता असताना रासब्युरिकेस हे औषध दिलं तर तांबड्या पेशी फुटतात. म्हणून काय फक्त पारशी रुग्णाची तपासणी करायची? तीच कमतरता आदिवासी पाड्यावरच्या मुलातही असते, आणि त्याच्याबाबत कुणी शंकाही घेत नाही. तपासणी सगळ्यांची व्हायला हवी.

जीनोम इंडिया प्रकल्पातली सुमारे १०,००० भारतीयांची जनुकीय माहिती आता फरिदाबादच्या केंद्रात संशोधकांसाठी खुली आहे. पण नुसत्या जनुकांच्या यादीत औषधाचं उत्तर नसतं. कुणाला किती डोस सोसला, काउंट कधी पडले, ताप किती वेळा आला, हे आपल्या फायलींत आहे, आणि त्या फायली गठ्ठ्यांत बांधून पडल्या आहेत.

म्हणून तीन गोष्टींचा ठराव मी या सभेपुढे मांडतो. ल्युकेमियाच्या प्रत्येक मुलाची एनयूडीटी-१५ आणि टीपीएमटी तपासणी सिक्स-एमपी सुरू होण्याआधी व्हावी. साध्या पीसीआरवर होणारी, आयुष्यात एकदाच करावी लागणारी ही तपासणी आहे, आणि तिचा खर्च सरकारी आरोग्य योजनेच्या पॅकेजमध्ये धरावा यासाठी आपण शासनाकडे मागणी करावी. दुसरं, रिपोर्ट मुलाच्या कार्डावर मराठीत, पालकांना कळेल असा लिहून द्यावा, कारण पुढे हे मूल दुसऱ्या गावात, दुसऱ्या डॉक्टरकडे जाणार आहे. तिसरं, सोसलेल्या डोसची आणि काउंटची नोंद सर्व केंद्रांनी एकाच नमुन्यात ठेवावी. ज्यांच्यात बदल नाही त्यांचा डोस पूर्ण चालू आहे ना, हेही त्यात दर भेटीला लिहावं. नोंदीच्या नमुन्याचा मसुदा दाराशी ठेवला आहे. दुपारच्या सत्रात त्यात दुरुस्त्या सुचवा, आणि मग मतदान घेऊ.